खरकट्याची बाजू

आईचं विसरणं वाढत चाललं तेव्हा डॉक्टर अप्पांना एवढंच म्हणाले होते, की बाईंचे हात जे काम आपणहून करतात ते त्यांच्याकडून काढून घेऊ नका. तोवर तिच्याकडे एकच काम उरलं होतं, भांडी घासणं. आमटीत मीठ दोनदा पडायचं, गॅस चालूच राहायचा. पण सिंकपाशी उभी राहिली की ती पहिल्यासारखी असायची. ओट्याच्या डावीकडे खरकटं, उजवीकडे घासलेलं. दुधाचं पातेलं या दोन्हींपासून लांब, खिडकीत. साबण करवंटीत आणि घासायला नारळाचा काथ्या.

मला ते सगळं गबाळं वाटायचं. सिंकखाली पिशव्यांचे बोळे, कान तुटलेले मग, तांब्यासाठी ठेवलेली वाळकी चिंच. माझ्याकडे कुणी येत नसे, मी बोलावतही नसे, तरी लाज वाटायची. आई चार दिवस मावशीकडे टी. नरसीपूरला गेली तेव्हा मी सगळं उपसून काढलं. करवंटी टाकून दिली. स्टीलचा रॅक आणला आणि डावीकडे ठेवला, कारण तिथे जागा जास्त होती.

"हॉटेल झालं की ग," अप्पा म्हणाले. "आता इडली किती वाजता मिळणार?"

मी खूश होते.

आई परतली. जेवणं झाल्यावर तिने उष्टी ताटं सवयीने डावीकडे नेली आणि रॅकमधल्या धुतलेल्या पेल्यांवर रचली. मी काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी माझा आवाज चढला. "आई, किती वेळा सांगू? इथं नाही ठेवायचं."

तिने हात मागे घेतले. "साकु, साकु," पुरे झालं, असं कानडीत पुटपुटली आणि पदराला हात पुसत बाहेर जाऊन बसली.

त्याच संध्याकाळी मी रॅक काढला. नारळ फोडून नवी करवंटी ठेवली, पातेलं खिडकीत ठेवलं. आईला हाताला धरून सिंकपाशी आणलं. ती नळाकडे बघत उभी राहिली, मग माझ्याकडे. काथ्या तिच्या हातात दिला, तो तिने ओट्यावर ठेवून दिला.

अप्पा म्हणतात, आजार वाढला. असेलही.

आता भांडी मी घासते. परवा आई दारात येऊन म्हणाली, "तुम्ही कशाला हो करताय? राहू द्या. माझी मुलगी येईल आता कॉलेजातून, ती करेल."

मी "बरं" म्हणाले आणि नळ बंद केला. ती आत गेल्यावर उरलेली घासली.