शिकागोतली तीन जेवणं आणि हिंगाची डबी

शिकागोला जायचं ठरलं ते कोबीमुळे. लोक तिथे तलाव बघायला जातात, उंच इमारती बघायला जातात, नदीतून बोटीने फिरतात. आम्ही साडेचार तास गाडी हाणून कोबी खायला गेलो.

कोबी माझ्या भाचीचा. ईशा जन्माने मिशिगनची आणि शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर. मध्यंतरी तिने गाड्यांच्या कंपनीतली नोकरी सोडली आणि शिकागोत एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये कांदे चिरायला लागली. तिचे बाबा, म्हणजे माझा दादा, मिशिगनमधल्याच नोव्हाय गावात गाड्यांचे ब्रेक डिझाइन करतो. त्याला हे अजून पचलेलं नाही. तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं तर "ईशा सध्या शिकागोत आहे" एवढंच सांगतो, जणू तिची पुढची फ्लाइट लेट झाली आहे.

मी पुण्याहून त्यांच्याकडे आले आणि त्याच सुमारास ईशाला रेस्टॉरंटच्या मालकिणीने सांगितलं, या वीकएंडला एक पदार्थ तुझा ठेव. लोकांनी खाल्ला तर मेन्यूवर राहील. ईशाने शनिवारी आमच्या तिघांसाठी टेबल बुक केलं. वहिनीने दादाला न विचारता हो म्हणून टाकलं.

लगेच ईशाचा मला वेगळा फोन. "आत्या, एक फेवर. बाबांची डबी हॉटेलवरच राहू दे, प्लीज. आमचं किचन ओपन आहे. सगळे बघतात. त्यांनी माझ्या डिशवर चटणी टाकली तर आय विल डाय."

डबीबद्दल सांगायला हवं. आम्ही मूळचे सोलापूरचे. घराबाहेर पडताना दादा फोन, पाकीट, चष्मा आणि शेंगदाण्याची चटणी घेतो. चटणी हिंगाच्या रिकाम्या डबीत असते, कारण ती खिशात बसते आणि तिचं झाकण आपोआप उघडत नाही. ब्रेकवाल्या माणसाने पारखलेलं झाकण आहे ते. इतक्या वर्षांत अमेरिकेतला एकही पदार्थ त्याने चटणीशिवाय संपवलेला नाही. "आधी चव तरी बघ," म्हटलं तर "बघितली," म्हणतो आणि शिंपडतो.

शुक्रवारी सकाळी निघालो. रस्ता सरळ आणि कंटाळवाणा आहे. कॅलमझूच्या पुढे रेस्ट एरियात वहिनीच्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. (त्यांवरही चटणी.) शिकागोचं घड्याळ मिशिगनच्या एक तास मागे असतं, त्यामुळे जाताना एक तास फुकट मिळतो. आम्हाला मिळालेला तास पिझ्झाच्या रांगेत गेला. तुम्ही जाणार असाल तर पार्किंग आधीच फोनवरून बुक करा. ऐनवेळी शोधाल तर जेवणापेक्षा गाडी उभी करणं महाग पडेल.

शिकागोचा प्रसिद्ध पिझ्झा म्हणजे परातीत लावलेलं चीजचं धरण. ऑर्डर दिल्यावर पाऊण तास भाजतात, तेवढ्यात माणसं एकमेकांशी भांडून परत गोड होतात. एक तुकडा खाल्ला की संध्याकाळचं जेवण रद्द करावं लागतं. आम्ही दोन-दोन खाल्ले. दादाने त्याच्या तुकड्यावर इतकी चटणी घातली की वेट्रेसने काळजीने विचारलं, "सर, खाली पिझ्झा आहे ना?"

शनिवारी दुपारी हॉट डॉगचा स्टॉल. बीफ चालत नसेल तर व्हेजी डॉग मागा, मिळतो. वर मोहरी, कांदा, टोमॅटो, काकडीचं लोणचं, तिखट मिरच्या असं सगळं घालतात. फक्त केचप मागायचं नाही. शिकागोत हॉट डॉगवर केचप म्हणजे पुरणपोळीवर शेजवान सॉस. आमच्या पुढच्या एका पर्यटकाने मागितलं, तर स्टॉलवाल्याने त्याला असं झापलं की तो कोरडाच घेऊन गेला. दादाने गुपचूप डबी काढली. स्टॉलवाला खिडकीतून बाहेर वाकला.

"हे केचप आहे?"

"नो. पीनट, चिली, गार्लिक."

त्याने हात पुढे केला, चिमूटभर चाखली, जरा खोकला. "मग चालेल," म्हणाला.

दादाची छाती इंचभर पुढे आली. मला मात्र संध्याकाळची धडकी भरली.

हॉटेलवर मी वहिनीला विश्वासात घेतलं. "लपवा खुशाल," ती म्हणाली. "मला लग्नापासून जमलं नाही, तुम्हाला जमतंय का बघा." दादा आंघोळीला गेल्यावर मी त्याच्या ब्लेझरमधून डबी काढून माझ्या पर्समध्ये टाकली आणि ईशाला कळवलं: एक डबी जप्त.

रेस्टॉरंट शहराच्या पश्चिमेला, जुन्या गोदामात. आत अंधार इतका, की मेन्यू वाचायला तिघांनीही फोनचे टॉर्च लावले. आमच्या खुर्च्या काउंटरला, समोर चुलाणाएवढी धगधगती भट्टी, आणि तिच्यासमोर पांढऱ्या कोटात ईशा. केस बांधलेले, हातात चिमटा. तिने मान किंचित हलवली, आम्ही कुणीतरी परके असल्यासारखी.

पहिल्यांदा ब्रेड आणि लोणी आलं. दादाने ब्लेझरच्या आतल्या खिशात हात घातला आणि डबी बाहेर काढली.

"ही कुठून आली?" मी विचारलं.

"बाहेरच्या खिशातली कुणीतरी चोरली," तो शांतपणे म्हणाला. "बॅकअप असतो माझा."

ब्रेडवर चटणी पडली. मग भोपळ्याचं सूप आलं, त्यावर पडली. गळ्यापर्यंत टॅटू काढलेला वेटर येऊन "एव्हरीथिंग ओके?" विचारून गेला आणि आत काहीतरी कुजबुजला. दोन पोरं वळून बघायला लागली. ईशाने बघितलं नाही. तिचे कान मात्र लाल झाले होते, आणि ते भट्टीमुळे नव्हते.

मग कोबी आला. तिने स्वतः आणून ठेवला आणि लगेच भट्टीपाशी परत गेली. निखाऱ्यात काळी होईपर्यंत भाजलेली अख्खी फाक, खाली शेंगदाण्याच्या कुटाचा दाट रस्सा, वर कडक भाकरीचा चुरा. दादाने एक घास घेतला. नेहमीप्रमाणे उजवा हात खिशात गेला. वहिनीने डोळे मिटले. मी भट्टीकडे बघत राहिले.

हात खिशातच राहिला. दादा डाव्या हाताने काटा धरून खात होता. आमच्या घरात डाव्या हाताने जेवलं तर आजही कुणीतरी ओरडतं. फाक संपली. उरलेल्या रश्श्यात त्याने ब्रेडचा तुकडा फिरवला, मग दुसरा. प्लेट इतकी स्वच्छ झाली की ती परत कपाटात ठेवता आली असती.

ईशा काउंटरपाशी आली. "सो?"

"चटणी संपली," दादा म्हणाला.

"ओ. ओके." ती हसली, पण ते हसू हॉटेलच्या रिसेप्शनवर असतं तसलं होतं. "नेक्स्ट टाइम मोठी डबी आणा." आणि ती पुढच्या ऑर्डरकडे वळली. पोरीने पदार्थ केला, बापाने चटणीचा हिशेब दिला.

रविवारी परतताना, फुकट मिळालेला तास परत करून, मिशिगनमधल्या एका साध्या डायनरला थांबलो. फ्रेंच फ्राइज आल्या. आणि दादाने सवयीने आतल्या खिशातून डबी काढली, झाकण उघडलं आणि सढळ हाताने शिंपडायला लागला. अर्ध्याहून जास्त भरलेली.

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. "अहो, संपली होती ना?"

"ही दुसरी."

मी पर्स उघडली आणि दुसरी त्याच्यासमोर ठेवली.

दादाने दोन्ही डब्यांकडे पाहिलं. पुरावा इतका स्पष्ट असला की इंजिनिअर माणूस वाद घालत नाही. "फ्राइज थंड होतायत," तो म्हणाला.

वहिनीने दोन्ही डब्यांचा फोटो काढून ईशाला पाठवला. खाली लिहिलं: एक आत्याच्या पर्समध्ये होती, एक बाबांच्या खिशात. दोन मिनिटांत उत्तर आलं: "वेट. काल पण डबीत चटणी होती??" मग बराच वेळ ती नुसती टाइप करत राहिली. शेवटी आलं: "कोबी राहिला मेन्यूवर. बाबांना सांगा. नाहीतर नको, मीच फोन करते."

तिने केला. दादा गाडी चालवत होता म्हणून फोन स्पीकरवर होता, आणि दोघं पूर्ण वेळ भट्टीच्या तापमानाबद्दल बोलले.

तुम्ही शिकागोला गेलात तर पिझ्झासाठी भूक ठेवा, केचपचं नाव काढू नका. बाकी त्या शहरातल्या इमारती कशा आहेत, हे मला विचारू नका. आम्ही वर बघितलंच नाही. माझ्या लक्षात राहिलंय ते घरी परतल्यावरचं. मंडळातल्या एका काकांचा फोन आला होता, ते पुढच्या महिन्यात शिकागोला जाणार होते, कुठे जेवावं विचारत होते. दादा हॉलमध्ये येरझाऱ्या घालत सांगत होता:

"लिहून घ्या. माझी मुलगी शेफ आहे तिथे. कोबी मागवा. आणि हो, चटणी नेऊ नका. लागत नाही."