विहीणबाईंच्या देवघरातली हजार वर्षांची देवी

आता काय सांगू तुम्हाला, माणसाने निवृत्तीनंतर स्वस्थ बसावं! मी काय केलं? नगरला मूर्तिशास्त्राचा आठ दिवसांचा वर्ग केला आणि नवव्या दिवशी लेकीच्या सासरी, नेवाशाला गेलो.

तिथे मला इज्जत परत मिळवायची होती हो! मागच्या खेपेला त्यांच्या उभ्या ज्वारीला मी मका म्हणालो. तेव्हापासून व्याही मला पाहिलं की गालातल्या गालात हसायचे.

देवघरात बोटभर उंचीची एक देवी दिसली. नाक नाही, डोळे नाहीत, चेहरा पार गुळगुळीत. माझ्या अंगावर काटाच आला! आमच्या सरांनी शिकवलं होतं, पूजेत हात लागून लागून मूर्ती झिजते. जितकी झीज, तितकं वय.

"व्याही, ही किमान आठशे वर्षांची आहे!"

"काय सांगता!"

"कांस्यमूर्ती! आधी मेणाची घडवायची, वर माती लिंपायची, मग मेण वितळवून आत धातू ओतायचा. कुठे जोड दिसतो का बघा. आणि मांडीवर ही आडवी तलवार. साक्षात दुर्गा!"

व्याह्यांनी पहिल्यांदाच न हसता माझ्यासमोर हात जोडले. काय सुख वाटलं म्हणून सांगू! मग मला चेवच चढला. शेजारपाजारचे जमले, कुणी नारळ आणला, आणि मी देवीचं वय हजारावर नेलं.

"हिला आता पाणी लावायचं नाही. संग्रहालयातच द्यावी लागेल," मी ठणकावलं.

विहीणबाईंचे डोळे भरले. "देवी घरातनं जायाची? लई जपलंय वो मी तिला. रोज चिंच आन् रांगोळी लावून खसाखसा घासती."

"रोज?" माझा आवाज जरा बारीक झाला.

तेवढ्यात लेक चहा घेऊन आली आणि गर्दी बघून दारातच थांबली.

"बाबा, काय चाललंय? ही माझी माहेरची अन्नपूर्णा. तलवार कसली, पळी आहे ती हातात! सहा वर्षांपूर्वी लग्नात तुम्हीच दिलीत की. दुकानात तुम्हीच निवडली होती, नाक सुरेख आहे म्हणून!"

विहीणबाईंनी झटकन देवी उचलून पदराखाली घेतली. मी लेकीच्या हातातला चहा घेऊन त्यात तोंड खुपसलं.

व्याह्यांनी आपला चहा संपवून सावकाश बशी खाली ठेवली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "पाव्हनं, हजार वर्सं झाली व्हय आपल्या सोयरिकीला?"