शिंपीणकाकूंचा शेवटचा विषय

शिंपीणकाकूंनी तर्कशास्त्राच्या सरांच्या गळ्यात हात टाकला, तोही रिकाम्या वर्गात, ही बातमी आमच्या गल्लीत दूधवाल्याच्याही आधी पोचली. मी कुणाला सांगितली नाही. ज्यांनी विचारलं त्यांनाच सांगितली.

काकूंची पदवी एका विषयापायी लोंबकळत होती. सांत गणित, म्हणजे मोजण्या-जुळवण्याचं गणित, किंवा तर्कशास्त्र, दोहोंतलं एक सुटलं की झालं. गणितात त्या आधीच आपटलेल्या, आणि ही संधी शेवटची. त्यात थोरल्या जावेनं "आता या वयात?" म्हणून नाक मुरडलेलं. मग काय, माघार नाही!

पण काकू कच्चा टाका घातल्याशिवाय पक्की शिलाई मारत नाहीत. आधी दोन्ही वर्गांत बसून बघायचं ठरलं.

गणिताच्या बाईंनी विचारलं, "तीन तऱ्हेच्या कॉलर, चार तऱ्हेच्या बाह्या. फ्रॉक किती प्रकारचे?"

"आठ," काकू म्हणाल्या.

"बारा होतात, काकू."

"होतील हो! पण बंद कॉलरला फुग्याची बाही? असले चार मी गिऱ्हाइकाला शिवूनच देणार नाही."

"इथे कुरूप फ्रॉकही मोजायचे असतात."

"मग ते शिवायला दुसरी बाई बघा."

तर्कशास्त्राचे सर मिश्कील. "सगळे शिंपी कपडे वेळेवर देतात. काकू शिंपी आहेत. म्हणून?"

वर्ग खिदळला. काकू उसळल्या, "पहिलंच वाक्य धादांत खोटं आहे, सर!"

"असू द्या खोटं. ही दोन मानली, तर तिसरं त्यांना बसतं का, एवढंच बघायचं."

काकू थबकल्या. "म्हणजे कापड विटकं असलं तरी चालेल, बेतण्यात चुकायचं नाही?"

"अगदी!"

घरी काकांनी विचारलं, "ठरलं का?"

"तर्कशास्त्र. गणितात माझी आवडनिवड मध्ये तडमडते. इथे नुसतं बेतायचं."

"मग तोंड का उतरलंय?"

"नापास होईन अशानं. शिकवताना सरांकडे बघवत नाही हो!"

काकांचा चहाचा कप ओठांपाशीच राहिला.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर काकू मागे थांबल्या. छत्री विसरलेली एक मुलगी परत आली, दारातूनच पळाली, आणि पुढचं काम आम्ही गल्लीकरांनी मनोभावे केलं.

काकू पास झाल्या. काठावर, पण झाल्या. जावेनं पेढे दोनदा मागून घेतले.

आणि त्या रिकाम्या वर्गात सरांच्या गळ्यात हात नव्हता, माप घ्यायची टेप होती. त्यांच्या कोटाचा डावा खांदा उतरला होता आणि त्यापायी काकूंचं शिकवण्याकडे लक्ष लागत नव्हतं. तो त्यांनी उसवून सरळ करून दिला.