अमेरिकाबाईंची हजेरी

फेब्रुवारीतला पहिला रविवार, सकाळी दहा, समाजमंदिर, उल्हासनगर कॅम्प चार. हजर: नगरसेविका शोभाताई, नाल्यालगतच्या गल्लीतल्या बावीस बायका, अकरा पुरुष आणि यादी लिहिणारी मी. गैरहजर: अमेरिकाबाई.

बाई पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. बदलापूरच्या पलीकडे फारशा गेल्या नव्हत्या, पण आम्हा बायकांच्या रविवारच्या वर्गात अमेरिकेतल्या काळ्या माणसांबद्दल बोलत, म्हणून हे नाव. "गुलामी संपली, मतं मिळाली. काल शेतात राबणारा माणूस विधिमंडळात जाऊन बसला. मग धाक घातला, वाचून दाखवा, कर भरा असले नियम काढले आणि यादीतून नावं उडवली. परत मिळवायला तीन पिढ्या गेल्या. म्हणून मतदारयादी वाचायची."

आम्ही वाचायचो. एकीने मोठ्याने नाव घ्यायचं, दुसरीने खूण करायची. मेलेल्याचं नाव राहिलं तरी त्या चिडत. "त्या नावावर दुसराच कुणी मत टाकेल. गेलेल्याला रजा द्या."

अंबरनाथ एमआयडीसीत पॅकिंगला जाणाऱ्या शोभाने निवडणुकीला उभं राहायचं ठरवलं, आणि कच्च्या यादीतून तिची अख्खी गल्लीच गायब. तिचं स्वतःचं नावही. नाव नाही तर उमेदवारी नाही.

"ये लोग तो शिफ्ट हो गये ना, मॅडम," निवडणूक कार्यालयाच्या खिडकीतला कारकून म्हणाला.

"कुठे शिफ्ट?" बाई म्हणाल्या. "मी आत्ता त्यांच्याकडे चहा पिऊन आले."

दुसऱ्या दिवशी बाईंनी गल्लीतल्या सगळ्यांना कामावरची पहिली पाळी बुडवायला लावली, कार्यालयाच्या जिन्यावर उभं केलं आणि शाळेतल्यासारखी हजेरी घेतली.

"कमल."

"हजर."

"शोभा."

"हजर, बाई."

"माझं आधी घ्या ओ, गुडघे दुखतात," मागून एक म्हातारे म्हणाले.

"क्रमाने येईल, काका. क्रम मोडला की नाव सुटतं."

वरच्या मजल्यावरची माणसं कठड्याशी येऊन बघू लागली. शेवटी कारकूनच हरकतीच्या कोऱ्या अर्जांचा गठ्ठा घेऊन खाली आला, काकांसाठी खुर्चीही आणली.

पक्क्या यादीत गल्ली परतली. शोभा निवडून आली. बाईंनी बोटभर गुलाल लावून घेतला आणि मला म्हणाल्या, "आता हिची हजेरी घ्यायची. दर महिन्याला." आठवड्याभरात बाई झोपेतच गेल्या.

आज ती पहिली हजेरी घेतली. "हजर," शोभाताई उभ्या राहून म्हणाल्या, आणि नळजोडण्यांचं काय झालं ते एकेक सांगितलं.

राहिलेलं काम एकच, माझ्याकडचं. बाईंचं नाव मतदारयादीतून वगळण्याचा अर्ज. दाखला जोडलाय, रकाने भरलेत. सही तेवढी बाकी आहे.