तंबाखूच्या गावचं नाक

दत्तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोप्यातली तंबाखूची धूळ झाडत होते. शेजारीच वखार, त्यामुळं निपाणीतल्या आमच्या घरात ती रोजच झाडावी लागते. "आक्का, हे गेले..." एवढंच शैला बोलली. माझी भावजय ती, घाटाखालची. थोरली मागं आणि धाकटा पुढं, ही कुठली रीत रं दत्तू?

याच घरात आम्ही दोघं वाढलो. पुढं तो समुद्रकाठच्या एका छोट्या बंदरात लागला आणि तिथल्या गोदामांचा प्रमुख झाला. मधल्या काळात सगळा माल मोठ्या बंदरांतून कंटेनरनं जाऊ लागला. याच्या बंदरातल्या हमालांच्या टोळ्या धक्क्यावर बसून राहायच्या आणि हा मालासाठी फोनवर फोन लावायचा. मग लांब कुठं लढाई पेटली, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, कंटेनर मिळेनासे झाले. दत्तू इथं येऊन व्यापाऱ्यांच्या दारोदार फिरला. "कंटेनर न्हाय म्हणून माल कुजवायचा व्हय? पूर्वीसारखा पोत्यानं पाठवू की!" आधी आमच्याकडची तंबाखू गेली. मग साखर आली. टोळ्यांना पुन्हा काम लागलं.

आणि तिथंच घात झाला. तंबाखूचं गोदाम यानं धुऊन घेतलं, दारं उघडी ठेवली, स्वतः आत जाऊन वास घेतला आणि साखर लावायला सांगितली. साखरेचा व्यापारी आला तो दारातच थबकला. "साहेब, ही साखर कोण खाईल? तंबाखूचा केवढा वास!" दत्तूला काही म्हणजे काही येत नव्हता. निपाणीचं नाक ते! माल परत गेला असता तर पुन्हा कुणी त्या बंदराकडं फिरकलं नसतं. पण वास बाहेरच्या पोत्यांनाच लागला होता, आतल्या प्लास्टिकच्या पिशव्यांमुळं साखर बचावली होती. टोळीनं सगळी पोती बदलली. हा त्यांच्यात उभा राहून पोती धरत होता.

तेव्हापासून खाण्याचा माल गोदामात लावायच्या आधी तो धक्क्यावरच्या मासे विकणाऱ्या बाईला बोलवायचा. तिनं वास घेऊन मान हलवली की मगच माल आत. मी पोट धरून हसले होते. "काय बाई तरी! गोदाम पारखायला मासळीवालीचं नाक?"

"हसू नकोस गं आक्का," तो म्हणाला. "तिला मासळीचा वास येत न्हाय, मला तंबाखूचा. ज्यात जन्म गेला, ते नाकाला कळत न्हाय."

परवा शैला आली. पिशवीतून त्याचं कामावरचं खाकी जाकीट काढून तिनं माझ्या मांडीवर ठेवलं. "धुतलं नाही हो. अजून तंबाखूचा वास आहे, अगदी ह्यांचा." मी ते तोंडाशी धरलं. खिशात, कॉलरमध्ये, अस्तरात नाक खुपसलं. पण मला काहीच येईना... काहीच.

शेवटी जाकीट तिच्या हातात दिलं.

"तूच वास घे गं," म्हटलं, "आणि मला सांग."