तुतीच्या पाल्यासाठी कोडोलीला

कोडोलीची एसटी कोल्हापूरच्या स्टँडवर लागली तेव्हा माझ्याजवळ एक रिकामं पोतं आणि एक थर्मास होता. पोतं तुतीच्या पाल्यासाठी. थर्मासात त्याच पाल्याचा चहा, शेवटच्या पुडीतला. साल दोन हजार चार, थंडीचे दिवस.

हा नाद कसा लागला ते आधी सांगतो. माझ्या पुतण्याची फौंड्री आहे. तो मशीन बघायला चीनला गेला आणि येताना काकूसाठी पाल्यांच्या पुड्या घेऊन आला. शकूला, म्हणजे माझ्या बायकोला, डॉक्टरांनी दूध-साखर बंद केली होती. पुड्यांवर सगळी चिनी अक्षरं. कशात काय आहे ते पुतण्यानं पेनानं लिहून दिलं. कमळाच्या पानांचा चहा आम्हाला रंकाळा तळ्याच्या पाण्यासारखा लागला. एक पाला तर इतका कडू, की शकू म्हणाली, "हा सवतीला पाजायचा." तुतीचा मात्र जमला. पाणी उकळून जरा निवू द्यायचं, पानं टाकून झाकायचं, पिवळसर रंग उतरला की गाळायचं. ओल्या चाऱ्याचा वास आणि मागाहून किंचित गोडी.

तिला सोबत म्हणून मीही दुधाचा चहा सोडला. ती गेली, तरी सोडलेलाच राहिला. आता कोल्हापुरात चहाला नको म्हणणाऱ्याला कोण किती दिवस हाक मारणार? कट्ट्यावरची माझी जागा हळूहळू गेली. जाऊ दे, म्हटलं. मी तसा तिरसटच. मूलबाळ नाही, पेठेतलं कापडदुकान बंद केलेलं, त्यामुळे दिवसभरात बोलणं म्हणजे दार वाजवणाऱ्या पेपरवाल्याशी तेवढं. त्यात पुड्या संपत आल्या. हा चहा संपला की शकूबरोबरचं शेवटचं काहीतरी संपणार, अशी धास्ती बसली. तेवढ्यात कळलं, की कोडोलीला एकांनी रेशमासाठी तुती लावलीय.

पंचगंगेचा पूल मागे पडला आणि दोन्ही अंगांना ऊस सुरू झाला. तोडी चालू होत्या. ट्रॉल्यांच्या मागून एसटी रखडत निघाली. शेजारच्यानं विचारलं, "पावणं, कुठं?" (अनोळखी माणूस इकडं पावणंच, म्हणजे पाहुणा.)

"तुतीचा पाला आणायला."

"किडं पाळल्यात व्हय?"

"नाही. चहा करतो त्याचा."

त्यानं मला नीट बघून घेतलं आणि मग कोडोली येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला.

गावाबाहेर मळ्यात घर सापडलं. कमरेएवढी तुती, तळहाताएवढी पानं. मालकीणबाई सुमनताई किड्यांना पाला घालत होत्या. चंद्रिका (किडे जिच्यावर कोष विणतात ती जाळी) भिंतीला टेकवून ठेवलेल्या. मी कशाला आलो ते सांगितलं.

"ह्या पाल्यावर औषध मारत न्हाय आमी, किडं मरत्यात," त्या म्हणाल्या. "न्या की हवा तेवढा. आदी बसा, च्या टाकते."

"नको, चहा घेत नाही मी." सवयीनं बोलून गेलो.

त्यांचा हात थांबला. माझ्या सदऱ्याच्या गळ्यातून लिंगाचा दोरा दिसत होता, आम्ही लिंगायत. त्यांची नजर तिथं गेली आणि मग घरातल्या भिंतीकडं. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती.

"बरं," त्या म्हणाल्या. "आमच्या हातचा पाला तरी चालंल न्हवं?"

कानफटात बसल्यासारखं झालं. माझा आजा याच भागात दुकान चालवायचा. काही गिऱ्हाइकांना तो माल वरून टाकायचा, हाताला हात लागू नये म्हणून. लहानपणी मी ते बघितलंय. या बाईंना शकू माहीत नव्हती, डॉक्टर माहीत नव्हता. त्यांना फक्त माझा 'नको' ऐकू आला, आणि तसला 'नको' त्यांनी आधीही ऐकला होता. कारण सांगायला तोंड उघडलं, पण ती सबबच वाटली असती.

"ताई, टाका चहा," म्हटलं. "दूध घालून."

"नको तर नको की. बळंच कशाला?"

"टाका. साखरही घाला."

कपबशीतून चहा आला. गोड, दाट, आलं घातलेला. बशीत ओतला आणि प्यायलो. दोन घोटांत रडू फुटलं. भर दुपारी, परक्याच्या घरात, बशी हातात धरून मी रडत होतो. लाज वाटत होती, पण थांबेना. मग सगळं सांगितलं, शकूपासून थर्मासापर्यंत.

ऐकून झाल्यावर सुमनताईंनी थर्मास उघडायला लावला आणि कपभर ओतून घेतला.

"चाऱ्याचं पानी हाय हे, मामा," त्या म्हणाल्या. तरी कप संपवला. पोतं त्यांनीच भरून दिलं.

घरी येऊन पाला धुतला, सावलीत वाळवला, तव्यावर मंद भाजला. पहिल्या चहाला जरा करपट वास आला. शकूनं तो पहिल्याच घोटाला सांगितला असता. तिच्या सोबतीला म्हणून मी जे सोडलं होतं, त्याच्याच आड ती गेल्यापासून एकटा बसून होतो. घर अजून तसंच आहे, रिकामं, आणि ती त्यात नाही.

डब्यात भाजलेला पाला गच्च भरलाय, वर्षभर संपायचा नाही. तरी येत्या रविवारी कोडोलीला चाललोय. पाला आणायला जातो, असं शेजाऱ्यांना सांगितलंय.