म्हावरं बंद, जवळा चालू

पेणच्या खाडीकाठच्या त्या गावात मिठाबद्दल बुधाजीला कुणी काही विचारत नसे, कारण विचारायच्या आधीच तो बोलून मोकळा होई. अर्धा जन्म मिठागरावर गेलेला माणूस. आता मिठागरावर भराव पडलाय, तिथं ट्रक उभे राहतात आणि त्या ट्रकांची राखण करायला बुधाजीच बसतो. मागे एकदा सरकारी माणसं गावात येऊन सांगून गेली, की खडं मीठ खाऊ नका, त्यात आयोडीन नसतं, त्यानं गळा सुजतो, पुडीतलं खा. बुधाजीनं ते मनाला लावून घेतलं आणि पुडी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही.

आणि त्याच्याच बायकोच्या, कृष्णाबाईच्या, गळ्याला गाठ आली. गाव काय बोललं ते सांगायला नको. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की हा थायरॉइडचा कॅन्सर आहे आणि यात मिठाचा काही दोष नाही. बुधाजीनं त्यातलं दुसरं वाक्य गावभर सांगितलं. पहिलं त्याला कित्येक दिवस उच्चारता आलं नाही.

ऑपरेशन झालं. मग किरणोत्सारी आयोडीन दिलं. ही ग्रंथी मुळात आयोडीनची हावरी, तेव्हा मागे राहिलेल्या कॅन्सरच्या पेशी ते हावरेपणानं गिळतात आणि त्यातच मरतात, असा तो डाव. पहिल्यांदा डाव साधला. दुसऱ्यांदा फुप्फुसातल्या बारीक गाठींनी आयोडीनकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"या पेशी आयोडीन घ्यायचं विसरल्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "का विसरल्या, तो बिघाड तपासणीत सापडलाय. त्यावर गोळ्या आहेत. महिनाभर घ्यायच्या. काहींच्या पेशींना पुन्हा आठवतं, काहींच्या नाही. मग थोडंसं आयोडीन देऊन स्कॅन करू. त्यांनी ते घेतलं तर मोठा डोस देता येईल. नाही घेतलं, तर आयोडीनचा रस्ता बंद."

बुधाजीला हे चटकन पटलं. भराव पडल्यावर मिठागरावरच राबलेला त्याचा मेहुणा वर्षभरात फावडं धरायचं विसरला होता. पण मेहुण्यावर गोळी निघाली नव्हती.

स्कॅनच्या आधी पथ्य होतं. पेशी आयोडीनला भुकेल्या राहायला हव्यात, अंगात दुसरीकडून ते जायला नको, म्हणून दूध बंद, अंडं बंद, म्हावरं म्हणजे मासळी बंद. पुडीतलं मीठही बंद, बिनआयोडीनचं चालेल. हे ऐकून बुधाजी खुर्चीत ताठ बसला. एवढ्या वर्षांनी मुंबईच्या दवाखान्यानं त्याचं म्हणणं मान्य केलं होतं. पथ्य आपल्याला शिकवायला नको, असं त्याला तिथंच वाटलं, आणि तिथंच घोळ झाला.

गोळ्यांनी कृष्णाबाईला ताप यायला लागला. तोंडाची चव गेली. मुगाचं पाणी बघितलं की ती भिंतीकडं तोंड फिरवी. बाई वाळत चालली आणि बुधाजीचा जीव टांगणीला लागला. आता या गावात घरी म्हावरं नसलं की काय करतात? जवळा भाजतात. डब्यातली ती सुकी कोलीम, कोळंबीसारखी पण अगदी बारीक, कुणी म्हावऱ्यात धरत नाही, ते तोंडी लावणं. डॉक्टरांनी म्हावरं बंद केलं, म्हणून बुधाजीनं जवळा भाजला. कांदा, मिरची, दोन आमसुलं. कृष्णाबाईनं अख्खी भाकरी खाल्ली. त्या दिवशी तो स्वतः जेवायचा विसरला.

पनवेलहून मुलगी, जागृती, रोज फोन करी. "बाबा, मासे नाही ना देत?"

"न्हाय गो," बुधाजी म्हणे. तो खोटं बोलणारा माणूस नव्हे.

स्कॅनच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पथ्य नीट पाळलं ना? खात काय होता?"

"भाकरी, मूग, जवळा," कृष्णाबाई म्हणाली.

बाईंनी मान वर केली. "जवळा? तो समुद्रातलाच ना?"

"मग काय डोंगरातला?" कृष्णाबाई म्हणाली.

सोबत आलेल्या जागृतीनं कपाळाला हात लावला. स्कॅन पुढं ढकललं. पथ्य पुन्हा पहिल्यापासून, तोवर गोळ्या चालू, म्हणजे तापही चालू. आपल्या हातानं आपण हिच्या पानात काय वाढलं, हे बुधाजीला आत कुठंतरी चावत होतं. परतताना एसटीत वडखळ आलं तसं त्यानं कृष्णाबाईला विचारलं, "रागावलीस?"

"जवळा चांगला झालेला," ती म्हणाली.

घरी येताच त्यानं जवळ्याचा डबा शेजारच्या भागुबाईला देऊन टाकला. स्वतःही म्हावरं सोडलं. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, पण ट्रकवाल्यांवर तो इतका खेकसायला लागला, की साऱ्या नाक्याला कळलं. रोज मूग शिजवून तो तिच्यापुढं बसे. "खा गो. तू गेलीस तर मी भांडू कुणाशी?" असं तो एकदा म्हणाला. लग्नानंतर इतकं गोड तो कधी बोलला नव्हता. कृष्णाबाईनं दोन घास जास्त खाल्ले.

पुन्हा मुंबई. पुन्हा तोच प्रश्न. या खेपेला बुधाजीनं पाण्यापासून आमसुलापर्यंत सगळं सांगितलं, तेव्हा बाईंनीच त्याला थांबवलं. स्कॅन झालं. बाईंनी दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. गोळ्यांच्या आधीच्या जुन्या चित्रात छाती कोरी होती. नव्यात दोन्ही बाजूंना काळे ठिपके उमटले होते.

बुधाजीनं खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला. त्याचे खांदे हलायला लागले.

"काका, घाबरू नका," बाई खुर्ची पुढं ओढून समजावू लागल्या. "हे ठिपके दिसले ते चांगलंच. त्या पेशींनी आयोडीन घेतलंय. आता डोस देता येईल. पुढचं पुढं बघू, पण रस्ता उघडलाय."

"कळलंय मना, बाई," बुधाजी टॉवेलातून म्हणाला. "म्हणूनच रडतोय."